मुंगी मारावी की राणी गाठावी?

मे महिन्याच्या सुट्टीत काळाचौकीतील पुष्कळ मुले गावी जातात. परत आल्यावर त्यांच्या गप्पांत आंब्या-फणसांबरोबर एक तक्रार हमखास असते : भाजीच्या वाफ्यात पाय पडला आणि लाल मुंग्यांनी घोट्यापर्यंत डसून काढले!

निखारा टेकल्यासारखी आग करणाऱ्या ह्या मुंग्यांपैकी एका जातीचे शास्त्रीय नाव आहे सोलेनॉप्सिस जेमिनाटा. आपण तिला अग्निमुंगी म्हणू. एकाच वारुळातील हिच्या कामकरी मुंग्या लहानमोठ्या असतात. मोठ्या मुंग्यांचे डोके बेढब, चौकोनी दिसते. त्या दाणे फोडून खातात.

ही मुंगी मूळची आपली नव्हे, अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. सोळाव्या शतकात स्पॅनिश जहाजे मेक्सिकोतील अकापुल्कोहून मनिलाला जात. जहाजाला वजन यावे म्हणून तळाशी माती भरत. त्या मातीबरोबर ही मुंगी आशियात पोहोचली, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून दिसून आले.

आता एक गंमत पाहा. मुंगीच्या विषात फॉर्मिक आम्ल असते, म्हणून सोडा लावावा, असे आपण वाचतो. काही मुंग्यांच्या बाबतीत हे आम्ल खरेच असते. परंतु अग्निमुंगी जबड्याने कातडी पकडते आणि नांगीने आत विष टोचते. ह्या विषात मुख्यतः अल्कलॉइडे असतात आणि ती आम्लधर्मी नसून अल्कधर्मी असतात. मग सोडा काय करणार? मुंग्या झटकून टाका, जागा धुवा, थंड पाण्याची पट्टी ठेवा. श्वास लागला किंवा चेहरा सुजला, तर ताबडतोब डॉक्टर गाठा.

गावाकडे वारुळात रॉकेल ओततात. त्याने माती खराब होते, आणि खोलवर बसलेली राणी बहुधा वाचते. राणी जिवंत असली की अंडी चालूच! उकळते पाणी ओतल्यास सुमारे साठ टक्के वारुळे मरतात. पण हे काम मोठ्या माणसांनीच करावे, आणि पिकाच्या मुळांपासून दूर.

सरसकट विष फवारले तर? अमेरिकेने हा प्रयोग केला आहे. १९४२ मध्ये मोबील बंदराजवळ राहणाऱ्या एडवर्ड विल्सन नावाच्या तेरा वर्षांच्या मुलाने घराशेजारच्या मोकळ्या जागेत अग्निमुंगीची दुसरी एक परदेशी जात टिपून ठेवली. हाच मुलगा पुढे मुंग्यांचा जगप्रसिद्ध अभ्यासक झाला. ती जात फैलावल्यावर १९५७ पासून तेथे लाखो एकरांवर हेप्टाक्लोर व डिल्ड्रिन ही विषे पसरण्यात आली. पक्षी मेले, प्राणी मेले, स्थानिक मुंग्याही मेल्या. मोकळ्या झालेल्या जागेत सर्वांत आधी कोण शिरले? अग्निमुंगीच!

मग उपाय कोणता? तो मुंगीच्या पोटातच आहे. प्रौढ मुंगीला घन अन्न गिळता येत नाही. ती फक्त द्रव शोषते. घन कण ती मोठ्या अळ्यांना देते. अळ्या ते पचवतात आणि त्यांच्याकडून मिळालेला द्रव वसाहतीत एकमेकींना भरवला जातो. अशा रीतीने तो राणीपर्यंत जातो. म्हणून तेलात भिजवलेल्या दाण्यांत मंद परिणामाचे औषध मिसळून आमिष ठेवतात. औषध जलद असले, तर कामकरी मुंगी वाटेतच मरेल आणि राणीला काहीच पोहोचणार नाही! आमिष ताजे हवे, जमीन कोरडी हवी. औषध व प्रमाण कृषी अधिकाऱ्यांना विचारूनच ठरवावे.

आणखी एक गोष्ट. ही मुंगी मावा व पिठ्या ढेकूण यांचा गोड स्राव पिते आणि त्यांचे रक्षण करते. पण इतर किडींची अंडी व अळ्याही खाते. तेव्हा बांधावरची दूरची वारुळे राहू द्यावीत. पायवाट, गोठा आणि वाफे यांजवळचीच हटवावीत.

करून पाहा : चाळीच्या गॅलरीत मुंग्यांच्या रांगेजवळ तीन झाकणे ठेवा. एकात साखरेचे पाणी, दुसऱ्यात गोडेतेल, तिसऱ्यात उकडलेल्या अंड्याचा कण. दर दहा मिनिटांनी प्रत्येक झाकणावरील मुंग्या मोजा. हाच प्रयोग सुट्टीत गावी करा, मात्र वारुळाला हात न लावता. दोन्हीकडच्या मुंग्यांची आवड सारखीच आहे का? आमिष कशात कालवावे, ह्याचे उत्तर तुमच्या वहीतच सापडेल.