उरलेली चंदी

पुण्यात चार-सहा घोडे घेऊन स्वतःची पागा सुरू करावी, असं मनात असलेली तरुण मुलं मला अधूनमधून भेटतात. कुणाची एखाद्या मालकाशी ओळख असते, कुणाचे वडील रेसकोर्सवर मोतद्दार नाहीतर रायडिंग बॉय होते. परवाना कसा मिळतो, घोडा कितीला पडतो, मालक कसे धरून ठेवायचे, एवढंच त्यांना विचारायचं असतं. ही माहिती कुणीही देईल. लहान पागेत वर्षानुवर्षं काढल्यावर मला जे सांगावंसं वाटतं ते वेगळं आहे, आणि त्यात एका घोडीचा जीव गेलेला आहे.

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर फेब्रुवारीत होणारी इंडियन डर्बी २४०० मीटरची असते आणि अडीच मिनिटांच्या आसपास ती संपते. लोक बघतात ती ही अडीच मिनिटं. बाकी सगळं वर्ष पागेत जातं. नोव्हेंबर ते एप्रिल मुंबई, मग पावसाळ्यात पुणे, आणि या दोन हंगामांच्या मध्ये घोड्यांना घाट चढवायचा. मोठ्या पागेत या प्रत्येक कामाला वेगळा माणूस असतो. लहान पागेत एकच जमादार चंदी मोजतो, औषधाच्या कपाटाची किल्ली सांभाळतो आणि मालकाचा फोनही घेतो. त्याचं लक्ष एकीकडे गेलं की दुसरीकडे राहिलंच.

पागेचा दिवस पहाटे चारला सुरू होतो. दिवा लागला की लगेच घोड्याच्या अंगाला हात लावायचा नाही. आधी दारातच उभं राहून बघायचं. रात्रीची चंदी संपली का? उरली असेल तर किती, आणि ओट वेचून खाऊन नुसता कोंडा ठेवलाय का? वैरण किती खाल्ली? बादलीतलं पाणी किती खाली गेलं? लीद किती ठिकाणी पडली आहे? चांगला घोडा दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा लीद टाकतो. गोळे ओलसर हवेत, जमिनीवर पडल्यावर फुटायला हवेत. लहान, कडक, वर चिकट पांढरा थर असलेले गोळे दिसले तर आतड्यातलं पाणी कमी पडतंय, असं समजायचं. पेंढा पुढच्या पायांनी एकाच जागी उकरलेला असेल, किंवा दोन्ही कुशींना पेंढा चिकटलेला असेल, तर घोड्याने रात्र कशी काढली ते कळतं. मग ताप बघायचा. ९९ ते १०१ अंश फॅरनहाइट म्हणजे ठीक.

त्यानंतर पाय. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते मोतद्दार काका यासाठी दिवाही लावू देत नसत. घोड्याच्या पुढच्या पायाजवळ उकिडवे बसायचे, पाय उचलून गुडघ्यात मुडपायचे म्हणजे मागची नस सैल पडते, आणि अंगठा नि दोन बोटं यांच्या चिमटीत ती नस धरून गुडघ्यापासून खाली मुठ्ठ्यापर्यंत अगदी सावकाश उतरायचे. मग दुसरा पाय. मग पुन्हा पहिला. दोन्ही पायांत फरक जाणवला की हात तिथेच थांबायचा. बोटाच्या पेराएवढी जागा जराशी कोमट लागायची, सूज डोळ्यांना दिसायचीही नाही. ते म्हणायचे, “आज नको.” त्या दिवशी तो घोडा ट्रॅकवर जायचा नाही. ही नस फाटली तर भरून यायला वर्षाच्या आसपास लागतं, आणि भरून आलेला भाग पूर्वीसारखा ताणला जात नाही. जॉकी ठरलेला असो, मालक विमानाने निघालेला असो, “आज नको” हा शब्द मोडायची कुणाची छाती नसे. मला पागा कळली ती त्या शब्दामुळे.

ट्रॅकवरचं काम सगळ्यांनाच आवडतं, त्यामुळे त्याबद्दल थोडंच सांगतो. खोगीर कसायचं, रिंगणात चालवायचं, दुडकी, मग कॅन्टर, आणि ठरलेल्या दिवशी घड्याळ लावून जोराचं काम. परत आल्यावर श्वास खाली येईपर्यंत चालवायचं, अंग धुवायचं, पायांवर गार पाण्याची धार धरायची, खरारा करायचा. पहिलं पाणी, मग वैरण, आणि श्वास पूर्ण शांत झाल्यावरच चंदी. दुपारी पागा बंद. त्या वेळी पाहुणे आणू नका. घोड्याला दिवसाचा तेवढाच विसावा मिळतो. तीन-साडेतीनला पुन्हा सगळं पहिल्यापासून.

आता ती घोडी. कुमैत रंगाची, चार वर्षांची, खायला आळशी पण पळायला प्रामाणिक. मी तेव्हा ज्या पागेत होतो ती बारा-चौदा घोड्यांची. हंगाम बदलत होता. मी मुंबईत उरलेले घोडे गाडीत चढवायला थांबलो होतो आणि ती पहिल्या गाडीने पुढे गेली होती. घाटात गाड्यांची रांग लागली आणि घोडे कितीतरी तास गाडीत उभे राहिले. पुण्यात पोचल्यावर तिने पाण्यात नुसतं तोंड बुडवलं. संध्याकाळी वैरण हुंगून सोडून दिली. चंदी मात्र नेहमीएवढीच घातली होती, ती निम्मी उरली. तिचा मोतद्दार विशीतला पोरगा होता, बिहारहून आलेला. तो कारभारी माणसाकडे गेला आणि म्हणाला, “साहेब, घोडी पाणी पीत नाही, लीद पण सुकी आहे.” उत्तर मिळालं, “प्रवासाचा शीण आहे. सकाळी बघू.” पोराने रात्री पुन्हा जाऊन सांगितलं. त्यावर त्याला ओरडा बसला.

मध्यरात्रीनंतर घोडी खाली बसून उठायला लागली, कुशीकडे वळून बघायला लागली. पागेत रात्रीचा माणूस नव्हता. तो पोरगाच ठाणाबाहेर पडून राहिला होता म्हणून कुणाला तरी कळलं. डॉक्टरांना बोलवायच्या आधी कपाटातलं वेदनाशामक टोचलं गेलं. घोडी थोडी शांत झाली, तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. दोन तासांनी ती पुन्हा लोळायला लागली, आणि मग कुणीतरी तिचं डोकं वर बांधून बाटलीने गोडेतेल पाजलं. तेल पोटात जायच्या ऐवजी बरंचसं छातीत गेलं. ती खोकत राहिली. डॉक्टर पहाटे आले, मीही त्याच सुमारास पोचलो. मोठ्या आतड्याच्या वळणात वैरण सुकून अडकली होती. नाकातून नळी घालून, शिरेतून सलाइन देऊन डॉक्टरांनी ती मोकळी केली. पोटशुळातून घोडी वाचली. फुप्फुसातल्या तेलाने मात्र न्यूमोनिया झाला आणि काही दिवसांनी ती गेली.

त्या पोराचं पहिलं वाक्य ऐकलं असतं तर दोन बादल्या पाणी, भिजवलेली वैरण आणि एक फोन एवढ्यावर काम भागलं असतं. हे मी मनाचं सांगत नाही. घोडीला मोकळी केल्यावर डॉक्टरांनीच आमच्यासमोर असं सांगितलं.

घोड्याच्या शरीराची घडण समजून घ्या, म्हणजे पुढचं पटेल. पाचशे किलोच्या जनावराचं जठर जेमतेम आठ ते पंधरा लिटरचं असतं. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट असतो की घोड्याला ओकारी होत नाही. आत गेलेलं पुढेच सरकलं पाहिजे. आतडं लांबलचक, त्याला अरुंद वळणं, आणि पाणी कमी पडलं की माल नेमका वळणावर बसतो. म्हणून प्रवासाच्या दिवशी चंदी निम्म्याहून कमी करा आणि वैरण भिजवून द्या. वाटेत थांबून पाणी दाखवा. नव्या जागचं पाणी घोडा पीत नसेल तर पहिल्या दिवसापुरतं जुन्या जागचं पाणी कॅनमधून बरोबर न्या. साध्या दिवशीही घोड्याला पंचवीस-तीस लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात आणि कामाच्या दिवशी त्याहून बरंच जास्त. आपोआप भरणारं भांडं सोयीचं असलं तरी घोडा किती प्यायला ते त्यातून कळत नाही. लहान पागेत बादलीच बरी. सुट्टीच्या दिवशीही चंदी कमी करायला विसरू नका. भरपूर दाणा खाऊन उभा राहिलेला घोडा दुसऱ्या दिवशी कामाला काढला की पुठ्ठ्याचे स्नायू दगडासारखे होऊन जागेवर अडकतो, लघवी कॉफीच्या रंगाची होते. तेव्हा त्याला एक पाऊलही चालवू नका, डॉक्टरांना बोलवा.

पोटशुळाची शंका आली की पुढ्यातलं सगळं खाणं काढून घ्या. जबड्याच्या हाडाखाली आतल्या बाजूला बोट ठेवून नाडी मोजा. तंदुरुस्त घोड्याची नाडी मिनिटाला तीस ते चाळीस असते. ती साठच्या वर गेली तर एक क्षणही वाट बघू नका. हिरडी गुलाबी आणि ओली हवी. अंगठ्याने दाबून सोडली की दोन सेकंदांत रंग परत आला पाहिजे. दोन्ही कुशींना कान लावा. गुडगुड ऐकू आली तर निदान आतडं हलतंय, संपूर्ण शांतता असेल तर धोका. हे आकडे वेळेसकट कागदावर लिहा आणि फोनवर डॉक्टरांना वाचून दाखवा. घोडा निवांत पडला असेल तर पडू द्या. लोळत असेल तर हळूहळू चालवा, तासन्‌तास दमवू नका. तोंडाने तेल, ओव्याचं पाणी, सोडा, काहीही पाजू नका. आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय वेदनाशामक टोचू नका. त्याने दुखणं झाकलं जातं आणि शस्त्रक्रिया करायची की नाही हे ठरवायची वेळ निघून जाते.

औषधाचं कपाट कुलपात ठेवायला दुसरंही एक कारण आहे. शर्यतीनंतर घोड्याच्या लघवीचा नमुना तपासतात. चहा-कॉफीतलं कॅफिन, चॉकलेटमधलं थिओब्रोमिन हे घोड्याच्या बाबतीत निषिद्ध पदार्थ आहेत. खसखशीचे दाणे खाद्यात मिसळले गेले तरी नमुन्यात मॉर्फिन दिसू शकतं. तेव्हा चहात बुडवलेलं बिस्किट प्रेमाने भरवणारे पाहुणे नम्रपणे पण ठामपणे थांबवायचे. मोतद्दाराची कंबर दुखत असेल आणि तो मलम लावत असेल तर हात धुतल्याशिवाय त्याने घोड्याच्या तोंडाला हात लावू नये. कुणीही ठाणात लघवी करू नये. माणसाने घेतलेलं औषध पेंढ्यातून घोड्याच्या पोटात जातं. हे नियम भिंतीवर हिंदी-मराठीत लावा आणि ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा.

माणसांची काळजी घेणं हा पागेच्या कामाचाच भाग आहे. जिथे घोड्याची लीद आहे तिथे धनुर्वाताचे जंतू असतातच. पागेतल्या प्रत्येकाची धनुर्वाताची लस वेळच्या वेळी झालेली हवी आणि घोड्यांचीही. २००६ साली पुण्यात आणि पाचगणीत घोड्यांना ग्लँडर्स झाला होता. तो माणसालाही होतो. नाकातून घट्ट पिवळा स्राव, नाकात फोड, अंगावर फुटणाऱ्या गाठी असं काही दिसलं तर घोडा वेगळा बांधा, उघड्या हाताने शिवू नका आणि सरकारी पशुवैद्यकीय खात्याला कळवा. नवा आलेला घोडा पहिले दोन-तीन आठवडे तरी वेगळा ठेवा. त्याची बादली आणि खराऱ्याचा ब्रश इतरांना वापरू नका. रायडिंग बॉयच्या डोक्यावर हेल्मेट आणि अंगात संरक्षक जाकीट असल्याशिवाय त्याला रिकिबीत पाय ठेवू देऊ नका, मग तो घोडा कितीही गरीब असो.

मालक होऊ पाहणाऱ्यांनाही सांगतो. घोडा जिंको वा हरो, महिन्याचं बिल येणारच. थरोब्रेड घोडा पंचवीस वर्षंही जगतो आणि त्यातली पळण्याची वर्षं बोटांवर मोजण्याइतकी. त्यामुळे विकत घेतानाच ठरवा, पाय थकल्यावर तो कुठे जाणार. पागेत गेलात की ट्रेनरशी बोलण्याआधी ठाणाशी उभ्या असलेल्या माणसाला घोड्याचं कसं काय चाललंय ते विचारा. तो बोलायला बिचकत असेल तर त्या पागेत घोडा ठेवू नका. त्याला ओरडा बसण्याची भीती आहे, आणि ज्या पागेत मोतद्दार घाबरतो तिथे आजार उशिरा कळतो.

पागा काढणाऱ्या मुलांना माझं कळकळीचं सांगणं एवढंच. पहिल्या दिवशीच सगळ्यांसमोर जाहीर करा की मोतद्दाराने रात्री कितीही वाजता उठवलं, शंका खोटी ठरली, तरी त्याला कुणी एक शब्द बोलणार नाही. दोन डॉक्टरांचे आणि घोड्यांच्या गाडीवाल्याचे नंबर दारावर मोठ्या अक्षरांत लिहा, आणि प्रत्येक मोतद्दाराला थेट डॉक्टरांना फोन करायची मुभा द्या. रात्रपाळीचा माणूस ठेवा, दर दोन तासांनी त्याने फेरी मारून वहीत खूण केली पाहिजे. त्याचा पगार परवडत नसेल तर एक घोडा कमी ठेवा.