सई, तू फोनवर विचारलंस ते

सांगली,
रविवार रात्र

चि. सई,


काल तू विचारलंस, "आत्या, मलाही बाबांसारखं होणार का?" आणि मी "काहीतरीच काय!" म्हणून विषय बदलला. चुकलंच माझं. एवढा धीर करून विचारलेल्या प्रश्नाला नीट उत्तर मिळायला हवं.

स्किझोफ्रेनिया साधारणपणे शंभरात एकाला होतो. आई किंवा वडील, कुणा एकाला तो असेल तर मुलांमध्ये हे प्रमाण शंभरात दहाच्या आसपास जातं. धोका वाढतो, हे तुझ्यापासून लपवणार नाही. पण उरलेल्या नव्वदांना तो होत नाही. रात्री जाग आली की ही दुसरी बाजू आठवत नाही, म्हणून ती वहीत लिहून ठेव.

तुझी खरी भीती मात्र वेगळीच आहे. बाई भराभर सांगतात आणि वाक्याचा उत्तरार्ध निसटतो. गणिताच्या तीन पायऱ्या डोक्यात धरता येत नाहीत. आईने चार वस्तू सांगितल्या की दोनच घरी येतात. "हीच सुरुवात असेल का?" असं तुला वाटतं.

डेन्मार्कमध्ये सात वर्षांच्या ५२२ मुलांची तपासणी झाली. काहींच्या आईला किंवा वडिलांना स्किझोफ्रेनिया होता, काहींच्या घरी बायपोलर आजार, तर काहींच्या घरी यातलं काहीच नव्हतं. पहिल्या गटातली मुलं लक्ष, स्मरण आणि कामाचा वेग यांत सरासरीने मागे होती. पण त्याच गटात इतरांच्या बरोबरीची मुलंही पुष्कळ निघाली. अकराव्या वर्षी पुन्हा पाहिलं, तर बहुतेक बाबतींत अंतर होतं तेवढंच राहिलं होतं. म्हणजे तीही आपल्या वयाप्रमाणे वाढतच होती.

तू तिसरीत असतानाही पाढे म्हणताना मध्येच अडायचीस, मला आठवतंय. एका वेळी गोष्टी मांडायचा तुझ्या डोक्यातला ओटा लहान आहे, सई. लहान ओट्यावरही पंगतीचा स्वयंपाक होतो, फक्त चिरलेलं बाजूला काढून मगच पुढचं घ्यावं लागतं. गणिताची प्रत्येक पायरी कागदावर उतरव. वस्तूंची यादी हातात घे. दप्तर रात्रीच भर. बाईंना सांग, "मला फळ्यावर लिहून द्याल का?" यात लाज कसली? लाजेनेच खरं नुकसान होतं. दोनदा विसरलं की तिसऱ्यांदा मुलगी क्लासलाच जात नाही, मग मैत्रिणी तुटतात, मग दिवसभर खोली. विसरण्यापेक्षा मला त्या खोलीची धास्ती जास्त वाटते.

कारण दादाची, म्हणजे तुझ्या बाबांची, खोली मी पाहिली आहे. तू तेव्हा बालवाडीत होतीस. खातेवहीच्या अख्ख्या पानाची तोंडी बेरीज करणारा माणूस. आधी वह्या अर्धवट राहू लागल्या, मग अंघोळ टळू लागली, मग पडदे ओढून बसणं. आम्ही त्याला आळस म्हटलं, कामाचा ताण म्हटलं, आणि सबंध वर्ष घालवलं. ते वर्ष आजही मला झोपू देत नाही. त्याचं होतं ते मोडत चाललं होतं. तुझं जे आहे ते लहानपणापासून तसंच आहे. हा फरक डॉक्टरांनी आधी समजावला असता तर आम्ही लवकर जागे झालो असतो.

म्हणून रोज स्वतःची परीक्षा घेऊ नकोस, पण बदल झाला तर लपवूही नकोस. झोप उलटीपालटी झाली, कुणी नसताना बोलणं ऐकू आलं, रस्त्यावरची माणसं आपल्याबद्दलच बोलतात असं वाटू लागलं, तर त्याच दिवशी आईला किंवा मला सांग. रात्र असली तरी उठव. आपण मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊ. आमच्यापैकी कुणीच भेटलं नाही तर १४४१६ हा सरकारच्या टेलि-मानस हेल्पलाइनचा नंबर आहे. आणि पुढे हॉस्टेलवर कुणी गांजा पुढे केला तर तुझ्यासाठी एकदासुद्धा नाही. इतरांना जे पचल्यासारखं दिसतं, ते आपल्या घरच्या मुलांना फार महाग पडू शकतं.

सुट्टीत 'देवराई' बघू. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा सिनेमा आहे. त्यातली बहीण बघताना मला रडू येईल, तू दचकू नकोस. पुण्यात जगन्नाथ वाणींनी सुरू केलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनमध्ये आपल्यासारखी घरं एकमेकांशी बोलतात. एकदा तिथेही जाऊ या.

दादा हल्ली गोळी घेतली की कालनिर्णयच्या चौकोनात टिंब देतो, हे तुला ठाऊक असेलच. मंडईची यादीही त्याच पानामागे लिहितो. तुझ्यासाठी वेगळं कालनिर्णय घेऊन ठेवलंय. कुठल्या खुणा कशासाठी करायच्या, ते बाबांना विचार. त्यांना आवडेल सांगायला.

तुझी,
आत्या