आधी हुन्नर, मग हत्यार

लोकरीचे वस्त्र जेथे वर्षातून जेमतेम काही आठवडे अंगावर चढते, त्या मुंबईत विणकामाची आवड घरोघरी इतकी का टिकून आहे, असा प्रश्न थंड मुलखातून आलेल्या मनुष्यास पडला तर त्यात नवल नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता, आणि इतक्या वर्षांनंतरही तो आकडा शहराचा नीचांक म्हणून सांगितला जातो, यावरूनच तसली थंडी येथे किती दुर्मीळ हे उघड होते. तथापि बोरिवलीला राष्ट्रीय उद्यानालगत आणि मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांस पौषातला पहाटेचा गारठा चांगला परिचयाचा आहे, शिवाय बाळंतविड्यात हाताने विणलेले टोपडे नि मोजे असल्यावाचून आपल्याकडे आजीचे समाधान होत नाही, आणि ५ मे १९९२ रोजी चर्चगेट व बोरिवली यांच्या दरम्यान महिलांसाठी जी स्वतंत्र गाडी सुरू झाली तिच्यात, किंवा साध्या लोकलच्या बायकांच्या डब्यात, खिडकीशी जागा मिळालेली एखादी भगिनी पिशवीतून सुया काढून टाके मोजू लागली म्हणजे शेजारणीने "हा नमुना कसा घालायचा हो?" असे विचारणे क्रमप्राप्तच असते.

ही आवड निर्व्याज आहे, अल्पखर्चाची आहे, आणि तिच्यातून संसाराला थोडाफार हातभारही लागू शकतो, असे माझे अनुभवान्ती मत झाले आहे. परंतु नेमक्या याच आशेचा फायदा घेऊन कष्टाळू गृहिणींची पुंजी हिरावून नेणारे व्यवहारही होत असतात, आणि त्यांपैकी एक आमच्याच कुटुंबात घडल्यामुळे त्याची सर्व अंगे मला जवळून पाहावयास मिळाली. जी भगिनी आज एखादी जाहिरात हातात घेऊन विचारात पडली असेल, तिला पैसे मोजण्यापूर्वी काय तपासावे याची जाणीव व्हावी, एवढ्याच हेतूने तो वृत्तान्त येथे देत आहे.

माझ्या वहिनी बोरिवलीस राहतात. त्यांचा हात विणकामात उपजतच बसलेला. सुलट-उलट टाक्यांतून वेलबुट्टी उठवावी ती त्यांनीच. एके दिवशी वर्तमानपत्रातून एक पत्रक त्यांच्या घरी आले, त्यात घरबसल्या उत्पन्नाची हमी होती. अटी ऐकावयास गोड होत्या: विणकामाचे यंत्र पत्रक काढणाऱ्या आस्थापनेकडून रोखीने विकत घ्यावे, शिक्षण मोफत मिळेल, लोकर तेच पुरवतील, आणि तयार झालेला सर्व माल ठरल्या दराने तेच उचलतील. वहिनींची त्याच महिन्यात भिशी लागली होती. मुलुंडला आमच्याकडे येऊन त्या म्हणाल्या, "वन्सं, माल विकायला आपल्याला दारोदार जायचं नाही, मग भीती कसली?" मी विचारले, "पण माल घेऊच, हे त्यांनी लिहून दिलंय का?" त्यावर, माणसे बोलायला चांगली वाटली, एवढेच उत्तर त्यांच्यापाशी होते.

यंत्र आले. एका लांब पट्टीवर आकडीच्या सुयांची ओळ, आणि तिच्यावरून हाताने इकडून तिकडे फिरवावयाचा एक सरकता भाग. तो एकदा फिरला की एक ओळ विणून होते. वहिनींनी ते थोड्याच अवधीत आत्मसात केले, आणि त्यांचा पहिला माल आस्थापनेने बिनतक्रार घेऊन पैसेही तत्काळ चुकते केले. इतके की ते पाहून त्याच इमारतीतील आणखी काही कुटुंबांनी यंत्रे घेतली. त्यानंतर मात्र माल परत येऊ लागला. कधी ताण सारखा नाही, कधी माप उणे, आणि सर्वांत अधिक वेळा काढलेली खोडी म्हणजे पट्ट्याच्या कडा गुंडाळतात. आता ज्यास विणकामाची थोडीही माहिती आहे त्यास ठाऊक असते की एका बाजूने सर्व सुलट आणि दुसऱ्या बाजूने सर्व उलट दिसणारी साधी वीण कडेला गुंडाळतेच. तो त्या विणीचा अंगभूत धर्म आहे, आणि तो घालवावयाचा तर कडेला दुसऱ्या विणीची किनार द्यावी लागते, जी आस्थापनेने दिलेल्या नमुन्यात मुळीच नव्हती. म्हणजे माल नाकारण्याचे कारण नमुना देतानाच त्यात पेरलेले होते. पुढे आमचे तगादे सुरू झाले, नंतर कार्यालयास कुलूप लागले, आणि आम्ही धाडलेली पत्रे पत्त्यावर कोणी आढळत नसल्याच्या शेऱ्यासह परत आली. यंत्र कालांतराने निम्म्याहूनही कमी किमतीस द्यावे लागले.

आम्ही जेव्हा पावती बारकाईने वाचली, तेव्हा तिच्यात फक्त यंत्राच्या विक्रीची नोंद होती. आणि पाठीमागे बारीक अक्षरांत, माल आस्थापनेच्या पसंतीस उतरल्यास विचारात घेतला जाईल, एवढेच एक वाक्य होते. पसंतीचा निकष कोणता, तपासणी किती दिवसांत होईल, नाकारलेल्या मालास लागलेल्या लोकरीचा खर्च कोणी सोसावयाचा, यांविषयी त्या दस्तऐवजात अवाक्षर नव्हते. तोंडी दिलेली सर्व अभिवचने हवेत विरली, आणि कागदावर उरली ती केवळ एका यंत्राची रोख खरेदी.

या प्रकरणातून जे मुख्य सूत्र माझ्या हाती लागले ते असे, की काम देणाऱ्याचे उत्पन्न कशातून येते हे सर्वांआधी पाहावे. ज्याचे उत्पन्न तयार माल विकण्यातून येते, त्यास आपले काम चांगले व्हावे असे मनापासून वाटते, आणि म्हणून तो आपल्यास साहित्य देतो, शिकवतो, चुका सुधारून घेतो. ज्याचे उत्पन्न आपल्यास यंत्र विकण्यातून येते, त्याचा कार्यभाग आपण रक्कम मोजतो त्याच क्षणी आटोपलेला असतो. त्यानंतरचा आपला प्रत्येक स्वेटर त्यास केवळ उपद्रव वाटतो. म्हणून अशा प्रस्तावास एकच कसोटी लावावी: "यंत्र तुमच्याच मालकीचे राहू द्या, मी वापरते, आणि भाडे माझ्या मजुरीतून वळते करून घ्या," असे सुचवून पाहावे. काम खरोखर हवे असणारा यावर निदान विचार तरी करील. यंत्र खपवू पाहणारा विषय टाळील.

घरी बसून करावयाच्या कामाची सचोटीची रीत कशी असते, याचे उदाहरण शोधण्यास मुंबईकराला दूर जावे लागत नाही. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला, आणि त्यांतूनच श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था उभी राहिली. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. तेथील पद्धत पाहा. पीठ संस्था मळून देते, भगिनी ते घरी नेऊन पापड लाटतात, परत आणून देतात आणि आपली वणाई, म्हणजे लाटण्याची मजुरी, घेतात. कच्चा माल संस्थेचा, बाजारात खपवण्याची चिंता संस्थेची, आणि लाटणारी प्रत्येक भगिनी त्या उद्योगाची भागीदार. जोखीम जेथे अशी संस्थेने उचललेली असते, तेथे घरी काम करणाऱ्या बाईचे श्रम बुडत नाहीत. आणि जेथे सर्व जोखीम तिच्याच शिरावर टाकली जाते, तेथे कितीही गोड बोलणे असले तरी तो व्यवहार रोजगाराचा नव्हे, हे ओळखावे.

तेव्हा पैसे देण्यापूर्वी काही गोष्टींची खातरजमा अवश्य करावी. मालाचा दर, तपासणीचा निकष, पैसे देण्याची मुदत आणि नाकारलेल्या मालाची व्यवस्था, ही चारही कलमे करारनाम्यात सहीशिक्क्यानिशी असावीत. पूर्वीपासून काम करणाऱ्या बायकांना, आस्थापनेच्या माणसाच्या गैरहजेरीत, स्वतः जाऊन भेटावे. पहिली खेप स्वीकारली गेली एवढ्यावरून विश्वास ठेवू नये व शेजारणीलाही त्यात ओढू नये, कारण पहिल्या खेपेचे पैसे हा बहुधा जाहिरातीचाच खर्च असतो. पावती पुढून-मागून वाचावी, आणि वाचता येणार नाही इतकी बारीक अक्षरे असतील तर मोठ्याने वाचून दाखवण्यास सांगावे.

इतकेही करून गाठ वाईटाशीच पडली, तर स्वस्थ बसू नये. यंत्र धंद्यासाठी घेतले, तेव्हा आपण ग्राहक ठरत नाही, असे सांगून काहीजण बायकांना परतवून लावतात. ते सर्वस्वी खरे नाही. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये असे स्पष्टीकरण आहे की केवळ स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी घेतलेली व स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी प्रयोजनाची मानली जात नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत फिर्याद करावी लागते. ती आपण राहतो तेथील जिल्हा ग्राहक आयोगापुढे करता येते, आणि दिलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुंबई उपनगर जिल्ह्याचा आयोग वांद्रे पूर्वेस आहे. वकील दिलाच पाहिजे असे बंधन नाही. प्राथमिक मार्गदर्शनासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक आहे. उघड लबाडी दिसली तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. मात्र या सर्वांचा पाया कागद हाच असतो. म्हणून पत्रक, पावती, निरोप, बँकेतील नोंद, सारे एका पाकिटात जपून ठेवावे.

आता हत्यारांविषयी. विणणाऱ्या बाईस आरंभी यंत्राची गरज नसते. आठ व दहा क्रमांकाच्या सुयांचे एकेक जोड, एक क्रोशाची सुई, एक मापपट्टी, कातरी, आणि शिवणीसाठी बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची सुई, एवढ्यावर घरातील बहुतेक काम निभते. आपल्याकडच्या क्रमांकांत आकडा वाढेल तशी सुई बारीक होते, हे लक्षात असू द्यावे. आठ क्रमांकाची सुई चार मिलिमीटरची, तर दहाची सव्वातीन मिलिमीटरची. सुया ॲल्युमिनियमच्या असल्या म्हणजे आपल्या पावसाळ्यात त्यांना गंज चढत नाही. लोकर घेताना वेष्टनावरील लॉट क्रमांक पाहून सर्व गुंडे एकाच लॉटचे आणि एकदमच घ्यावेत, नाहीतर एका बाहीची छटा निराळी येते. आणि कितीही घाई असो, चार इंच चौरसाचा नमुना आधी विणून टाके मोजावेत. इंचाला साडेपाच टाके धरून तीस इंच छातीसाठी १६५ टाके घातले आणि हात मात्र इंचाला सहा टाक्यांचा निघाला, तर स्वेटर साडेसत्तावीस इंचांचा होतो. म्हणजे अडीच इंचांचे अंतर आणि सगळे श्रम वाया.

काटकसरीचा प्रश्न घेतला तर स्पष्टच सांगावयास हवे की नवी लोकर आणून मोठ्या माणसाचा स्वेटर विणणे मुंबईत दुकानच्या स्वेटरपेक्षा स्वस्त पडतेच असे नाही, आणि त्यात आपल्या वेळेचे मोल धरले तर नाहीच. खरी बचत जुन्याचे नवे करण्यात आहे. उसवण्यापूर्वी स्वेटरची शिवण आतून पाहावी. अंगाचे भाग स्वतंत्र विणून कडेला जोडलेले असतील तर लोकर अखंड निघते. परंतु सलग विणलेल्या कापडाचे तुकडे कातरून शिवलेले असतील, तर प्रत्येक ओळ शिवणीपाशी तुटलेली असल्यामुळे हातभर दोऱ्यांखेरीज काही हाती येत नाही. कातरी शिवणीच्या दोऱ्यालाच लागेल, विणीला नव्हे, अशी दक्षता घ्यावी. आणि टाके जेथे बंद केले त्या टोकाकडून, म्हणजे बहुधा गळ्याकडून, उसवण्यास आरंभ करावा, कारण टाके जेथून घातले त्या कडेने वीण सरळ सुटत नाही. निघालेली नागमोडी लोकर खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून लडी करावी, तीन-चार ठिकाणी सैल बांधावी, कोमट पाण्यात धुऊन न पिळता टांगावी, आणि खाली हलके वजन अडकवावे; वाळेपर्यंत वळ्या बऱ्याच उतरतात. बापाच्या स्वेटरातून मुलाचा स्वेटर आणि त्याच्या उरलेल्या लोकरीतून बाळाचे मोजे, हा हिशेब कधीच तोट्याचा होत नाही. कसर लागू नये म्हणून लोकरीच्या कपड्यांत वेखंड किंवा कडुनिंबाची वाळलेली पाने ठेवावीत, आणि कपडे धुतल्यावाचून पेटीत घालू नयेत.

यंत्र घेऊच नये, असे माझे म्हणणे नाही. हाताने केलेल्या कामास गिऱ्हाईक मिळू लागले, मागणी हाताच्या वेगाला आवरेनाशी झाली, आणि आलेल्या उत्पन्नातूनच यंत्राची किंमत उभी राहिली, म्हणजे ते अवश्य घ्यावे, तोपर्यंत नाही. माझ्या वहिनी आजही विणतात, पण ओळखीतून मागणी आल्यावर, लोकरीपुरता इसार आधी घेऊन, आणि दर व मुदत वहीत लिहून. मिळकत मोठी नसली तरी ती त्यांची आहे, आणि तिच्यातला एकही रुपया कोणाच्या मर्जीवर अडकलेला नाही. हुन्नर आपल्या हातात असला की गिऱ्हाईक गमावले तरी तो उरतो. हत्यार मात्र त्या हुन्नराने कमावलेल्या पैशातूनच घरात यावे, हा नियम ज्या घराने पाळला त्याला अशा जाहिरातींची भीती बाळगण्याचे कारण राहत नाही.