नदीविहारास निघण्यापूर्वी

नाताळची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरू लागली, की वरच्या वर्गांतील मुलांच्या मनांत सहलीचे वारे वाहू लागतात. यंदा आठवी-नववीच्या मुलांनी एकमुखाने मागणी केली आहे ती किल्ल्याची नव्हे, लेण्यांची नव्हे, तर नदीची. मालमोटारीच्या चाकातील रबरी ट्यूब हवेने फुगवावयाची, तीत बसावयाचे, आणि प्रवाहाबरोबर कोस-दोन कोस वाहत जावयाचे, असा हा खेळ आहे. मागणी ऐकून आम्ही लगेच होकार दिला नाही व नकारही दिला नाही. असे का केले, ते येथे सांगावयाचे आहे. मुलांप्रमाणे त्यांच्या आईबापांनीही हा लेख वाचावा अशी आमची विनंती आहे. कारण या सहलीची निम्मी तयारी घरीच व्हावयाची आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही असाच एक वर्ग एका लहानशा नदीवर नेला होता. नदीचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. दोष तिचा नव्हताच. पाणी मांडीइतके, तळ दगडगोट्यांचा, ऊन कोवळे. पालकांकडून आलेल्या अर्जांवर "पोहता येते" असे जवळजवळ सर्वांनी लिहिले होते व आम्ही ते वाचून निश्चिंत होतो. एका वळणावर एका मुलाची ट्यूब उलटली. मुलगा घाबरून उभा राहावयास गेला, त्याचा पाय दोन दगडांच्या फटीत शिरला, आणि मागून येणाऱ्या पाण्याने त्याला पुढच्या बाजूस ओणवे केले. मांडीभर पाण्यात त्याचे तोंड बुडू लागले. आम्ही काठावर दहा हातांवर उभे होतो. पण काय करावे ते आम्हांस ठाऊक नव्हते, आणि हे लिहिताना आजही लाज वाटते. खालच्या अंगाला दोन भोई जाळी झाडीत होते. त्यांनी एक लांब बांबू आडवा धरून त्याच्या छातीखाली दिला, त्याचे डोके वर धरले, आणि पाय ज्या दिशेने फटीत गेला होता त्याच्या उलट दिशेस, म्हणजे प्रवाहाच्या वरच्या अंगास, ओढून सोडविला. घोटा सुजला, एक बूट वाहून गेला, एवढ्यावर निभावले.

संध्याकाळी मुलाला घरी पोहोचविले तेव्हा त्याच्या आईने रागे भरले नाही. तिने एवढेच विचारले, "सर, मुलांना सोडण्याआधी तुम्ही स्वतः त्या पाण्यातून जाऊन पाहिलं होतं का?" आम्ही पाहिले नव्हते. त्या मुलाला पोहता येत होते हेही खरे होते. मामाच्या गावी, पाठीला वाळका भोपळा बांधून तो विहिरीत पोहावयास शिकला होता. परंतु विहिरीचे पाणी उभे असते व नदीचे चालते, हा भेद त्याच्या वडिलांनी अर्ज लिहिताना लक्षात घेतला नाही आणि आम्ही वाचताना घेतला नाही. थोडक्यात, आम्हांस नदीही ठाऊक नव्हती व मुलगाही ठाऊक नव्हता. तयारी म्हणून जे काही करावयाचे, ते या दोन अज्ञानांविषयी करावयाचे असते; डबे, टोप्या, बिस्किटे यांची तयारी मुले आपली आपण करतात.

प्रथम नदीविषयी. नदीच्या काठी उभे राहून जे पाणी दिसते ते त्या घटकेचे असते. पुढच्या घटकेचे पाणी वरच्या अंगाला, आपल्या दृष्टीआड असते. म्हणून ते कोठून येते, हा पहिला प्रश्न. यंदा मुलांनी ज्या नदीचे नाव सुचविले आहे त्या रायगड जिल्ह्यातील कुंडलिकेचेच उदाहरण घेऊ. मुंबई-गोवा रस्त्यावरील कोलाडनजीक ही नदी लागते. कोकणातील बहुतेक नद्या शिमग्यानंतर रोडावतात; कुंडलिका मात्र ऐन उन्हाळ्यातही खळाळत असते. याचे कारण घाटाच्या पलीकडे आहे. पुणे जिल्ह्यातील मुळशी येथे मुळा नदीवर टाटांचे धरण आहे. याच धरणाविरुद्ध १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला व सेनापती बापट त्याचे पुढारी झाले, हे इतिहासाच्या तासाला मुलांनी ऐकले असेलच. त्या धरणाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून व नळांतून सुमारे ५०० मीटर खाली भिरा येथील वीजगृहात उतरते. हे वीजगृह १९२७ साली सुरू झाले. वीज उत्पन्न करून झाल्यावर ते पाणी कुंडलिकेस मिळते. जे पाणी भीमा-कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागरास जावयाचे, ते अशा रीतीने रेवदंड्याशी अरबी समुद्रास जाते! भूगोलाच्या दृष्टीने हे मोठे नवल आहे. परंतु नदीत उतरणाराने त्यातून घ्यावयाचा बोध निराळा आहे. या नदीचे पाणी आगगाडीसारखे वेळापत्रकाने येते. भिऱ्याखाली रावळजे येथे ते अडवून बहुधा सकाळी सोडण्यात येते, आणि तेथील नौकाविहारही त्याच वेळी चालतो. तेव्हा पाणी कधी सुटणार, किती सुटणार व कधी थांबणार, हे त्या दिवशी सकाळी तेथील जाणत्या माणसांस विचारल्यावाचून पाण्यात पाऊल घालू नये. गेल्या वर्षी पाणी अमक्या वेळी आले होते, ही माहिती या वर्षी काहीच कामाची नाही.

न विचारल्याने काय होते? ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशातील मंडी जिल्ह्यात, हैदराबादहून सहलीस गेलेली अभियांत्रिकीची मुले-मुली संध्याकाळच्या वेळी बियास नदीच्या पात्रातील खडकांवर उतरली. पात्र बरेचसे उघडे होते. ती छायाचित्रे घेत होती. वरच्या अंगाला लारजी येथील जलविद्युत् प्रकल्पातून पाणी सोडण्यात आले आणि थोड्याच वेळात खडक बुडाले. २४ विद्यार्थी व त्यांच्याबरोबरचा सहलीचा एक चालक वाहून गेले. ही मुले खेळावयास म्हणून नदीत शिरली नव्हती, ती केवळ उभी होती. म्हणून धरणाखालच्या नदीत कोरड्या दिसणाऱ्या खडकावरही बसू नये. धरण नसेल तेथे वरच्या खोऱ्यातील पाऊस हेच काम करतो. डोक्यावर ऊन असले तरी निवळ पाणी एकाएकी गढूळ झाले, त्यात काटक्या व पाचोळा दिसू लागला, मघाशी दिसणारा दगड दिसेनासा झाला, किंवा पाण्याचा आवाज भरदार झाला, तर सामान गोळा करीत न बसता काठ चढावा. पावसाळ्यात तर ट्यूबचा खेळ अजिबात नको. याविषयी कोणीही आमच्याशी वाद घालू नये.

आता पाण्याच्या जोराविषयी थोडे गणित. एक घनमीटर पाण्याचे वजन १,००० किलो, म्हणजे एक टन. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा अंगावरील रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. तिप्पट वेगास नऊपट. यामुळेच "पाणी गुडघ्यापर्यंतच आहे" हे वाक्य फसवे ठरते. वेगाच्या पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न करू नये, हा नियम आमच्या त्या विद्यार्थ्यास ठाऊक असता तर भोयांच्या बांबूची गरज लागती ना. ट्यूबमधून पडल्यास पाठीवर उताणे व्हावे, पाय प्रवाहाच्या दिशेस पुढे व पायाची बोटे पाण्याच्या वर ठेवावी, म्हणजे पुढचा दगड डोक्यास न लागता पायास लागतो. आणि हातांनी वल्हवीत तिरपे तिरपे काठाकडे सरकावे. पाणी संथ व उथळ झाल्यावरच उभे राहावे. यास एकच अपवाद आहे. पात्रात पडलेले झाड किंवा झाडोरा समोर आला, तर ही निजलेली स्थिती घातक होते. चाळणीतून पाणी निघून जाते व भाजी तेथेच राहते, त्याप्रमाणे फांद्यांमधून पाणी जाते आणि माणूस पाण्याखाली चेपून राहतो. दुरूनच पालथे होऊन जोराने बाजूस पोहावे. चुकविणे अशक्यच असेल तर फांदीवर चढून जावे, तिच्याखाली कदापि जाऊ नये.

झाडाहूनही फसवा असतो तो बंधारा. आपल्याकडे नद्यांवर कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे जागोजाग आहेत. वरून येणारास बंधारा जवळजवळ दिसतच नाही, पाण्याची एक सरळ रेघ मात्र दिसते. खाली पडलेले पाणी तळाशी जाऊन पुन्हा वर येते व बंधाऱ्याकडेच मागे फिरते. या फेऱ्यात सापडलेली वस्तू गरगर फिरत राहते. लाकडाचा ओंडका तासन् तास तेथेच घुमताना आम्ही पाहिला आहे. यासाठी ज्या दिवशी मुलांस न्यावयाचे त्याच्या आधी दोन मोठ्या माणसांनी सबंध वाट काठाने चालून पाहावी, बंधारे, पडलेली झाडे, माशांची जाळी, आडव्या तारा यांची नोंद करावी, आणि उतरण्याची जागा व त्याहून महत्त्वाची बाहेर पडण्याची जागा ठळक निशाणाने दाखवावी. त्या आईच्या प्रश्नास आमचे हे उत्तर आहे; ते द्यावयास फार उशीर झाला एवढेच.

साधनांविषयी फार लिहीत नाही. लाइफ जॅकेट प्रत्येकास, पोहणारासही, हवे. आणि ते अंगास बसणारे हवे. परीक्षा सोपी आहे: बंद सर्व आवळून झाल्यावर दुसऱ्याने ते खांद्याशी धरून वर उचलून पाहावे. ते हनुवटीच्या वर सरकले तर पाण्यातही सरकेल. खडकाळ पात्रात डोक्यास हेल्मेट असावे. पायांत पट्ट्याचे घट्ट बूट असावे. चपला पहिल्याच वळणावर नदीच्या होतात. ट्यूबचा वॉल्व्ह टोकदार असतो, त्यावर जाड कापड गुंडाळावे. सकाळच्या गारव्यात हवा गच्च भरू नये, उन्हाने ती फुगते. कोणी आपणांस ट्यूबशी बांधून घेऊ नये, आणि ट्यूबा एकमेकींस दोरीने जोडू नयेत. मुलांस यात सुरक्षितता वाटते, पण दोरी दगडात अडकली की तीच फास होते.

दोरीचे खरे स्थान काठावरील माणसाच्या हातांत आहे. प्रत्येक कठीण वळणाच्या खालच्या अंगास १५-२० मीटर लांबीची, पाण्यावर तरंगणारी दोरी घेऊन एक मोठा माणूस उभा असावा, व त्याने ती फेकण्याचा सराव मैदानावर आधी केलेला असावा. मुलांनो, तुमचा मित्र बुडताना दिसला तर त्याच्यामागे उडी घेऊ नका. हे सांगताना आम्हांस तुमच्या धैर्याची शंका नाही. उलट भीती त्या धैर्याचीच आहे. काठी पुढे करा, दोरी फेका, ट्यूब ढकला, हाक मारा. बुडणारा बहुधा ओरडत नाही, त्याला ओरडण्यापुरता श्वासच नसतो. म्हणून जोड्या करून जावे व आपला जोडीदार गप्प का झाला हे पाहत राहावे.

बाहेर काढलेल्या माणसास उलटा टांगणे किंवा पोट दाबून पाणी काढणे ही जुनी चाल अजून खेड्यांत व शहरांतही आहे. ती सोडली पाहिजे. श्वास बंद असेल तर प्रथम तोंडाने श्वास द्यावे, मग छातीवर ३० दाब व २ श्वास असा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा. हे वाचून येत नाही, हातांनी शिकावे लागते; सहलीपूर्वी तसा एक वर्ग भरवावयाचा आहे व त्यास पालकांनीही यावे. ११२ व १०८ हे आकडे सर्वांस पाठ असावेत, पण दरीत फोन लागेलच असे नाही. जवळचा रस्ता व जवळचे रुग्णालय आधी पाहून ठेवावे. नाकातोंडात पाणी जाऊन खोकला किंवा धाप लागलेल्या मुलास, तो "मी बरा आहे" म्हणाला तरी, डॉक्टरांस दाखवावेच.

राहिली गोष्ट ती घरची. सहलीच्या दिवशी पहाटे निघून, तीन-चार तास प्रवास करून, काठावर पोहोचल्यावर पाणी योग्य नाही असे दिसले तर बस तेथूनच परत फिरेल. मुले हिरमुसतील, भरलेले पैसे परत मिळणार नाहीत, आणि घरी आल्यावर कोणी म्हणेल की दुसऱ्या शाळेची मुले तर त्याच दिवशी उतरली होती. हे सर्व ऐकण्याची आमची तयारी आहे. पालकांचीही असावी, म्हणून हे कलम यंदा अर्जातच छापले आहे. अर्जात आणखी एक फरक आहे. "पोहता येते काय?" या प्रश्नापुढे पूर्वी एकच रकाना असे, आता दोन आहेत: उभ्या पाण्यात आणि वाहत्या पाण्यात. दोन्हींची परीक्षा आम्ही तलावावर व नंतर नदीच्या संथ भागी, लाइफ जॅकेट घालून, प्रत्येकाची घेणार आहोत. मिरगी, दमा, कानाचा विकार असल्यास तोही लिहावा. ते आमच्याजवळच राहील. दुसऱ्या रकान्यात "नाही" लिहिल्याने कोणाचेही नाव यादीतून गळणार नाही. काठावर दोरी धरणारी व मोजणी करणारी माणसे आम्हांस हवीच आहेत, आणि संथ भागातील शेवटचा अर्धा मैल सर्वांसाठी राखून ठेवला आहे.