रबरी नट आणि काळी वायर

पोरा, मडगार्डावर साईड लाइट बसवताना मागे हात पोचत नसेल, तर पत्र्यात सेल्फ-टॅपिंग स्क्रू मारू नकोस. कोकणच्या पावसात पातळ पत्रा त्या स्क्रूभोवतीच आधी गंजतो, मग आटे उरत नाहीत आणि दिवा लोंबायला लागतो. अशा जागी रबरी नट घे. रबराची नळी, तोंडाशी कॉलर, आतल्या टोकाला पितळेचा नट. स्क्रू आवळला की पितळ पुढे ओढलं जातं आणि रबर पत्र्यामागे फुगून अडकतं. पाणी आत शिरत नाही, खड्ड्यांचा हादराही बल्बपर्यंत कमी पोचतो.

भोक पाडण्याआधी रबराचं अंग व्हर्नियरने मोज. एम ५ च्या नटाला साधारण १० मिमी लागतं, पण कंपनीगणिक फरक असतो. अंगठ्याने दाबून जाईल इतकंच भोक ठेव, मोठं झालं तर नट स्क्रूबरोबर नुसता फिरत राहतो. फिरलाच तर स्क्रू किंचित बाहेर ओढून धरत आवळ, रबर पत्र्याला टेकलं की पकड घेतं. भोकाची धार कानशीने मार, नाहीतर ती रबर कापते. उघड्या पत्र्याला रेड ऑक्साइड लाव आणि वाळू दे. रबर सरकवायला ऑइल-ग्रीस नको, त्याने काही रबरं फुगून मऊ पडतात. साबणाचं पाणी पुरतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या दिव्याला बऱ्याचदा एकच वायर येते. परतीचा करंट दिव्याच्या स्क्रूमधून पत्र्यात जातो. रबर मध्ये आलं की ती वाट बंद. दिवा लागत नाही आणि माणूस बल्ब, फ्यूज, स्विच बदलत बसतो. म्हणून प्रत्येक दिव्याला वेगळी काळी वायर दे, थेट चासीपर्यंत. रंग खरवडून चकचकीत धातूवर रिंग टर्मिनल बोल्टने आवळ, वर ग्रीस लाव. वायर केसासारखी बारीक नको, २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर ओढतो. मागच्या जोडदिव्यात ब्रेक दाबल्यावर इंडिकेटरही मंद पेटला, तर समज अर्थिंग, म्हणजे परतीची वाट, कच्ची आहे, करंट दुसऱ्या बल्बमधून वाट शोधतोय. हे बिघाड रात्रीच्या घाटात जिवावर बेततात रे, मागून येणाऱ्याला तू वळतोयस की थांबतोयस तेच कळत नाही.

आवळताना जोर करू नकोस. रबर फुगल्याचं हाताला लागतं, तिथे थांब, पुढे प्लास्टिकची काच तडकते. थ्रेड-लॉकही लावू नकोस, काही प्लास्टिकला त्यानेच भेगा पडतात. स्क्रूचं टोक आतल्या वायरला घासत नाही ना, ते बघ. काचेला पाणी निथळायचं भोक असेल तर ते खाली येऊ दे. काम झालं की इंजिन चालू ठेवून सगळे दिवे एकदम लाव, ब्रेक दाब आणि कुणाला तरी मागे उभं करून विचार.