बर्फाचा रस्ता, ईदचा माल आणि चाकाची चेन

मुंबईच्या व्यापाऱ्याला पावसाची धास्ती असते, बर्फाची नसते. पण गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडी भागातील ज्या कारखानदार बंधूंना श्रीनगरकडील कपड्याची ऑर्डर मिळते, त्यांनी आता बर्फाचाही हिशेब शिकला पाहिजे. कारण साधे आहे. 2025 साली रमजान ईद मार्चच्या शेवटच्या दिवशी आली. दर वर्षी ती दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, म्हणजे 2028 मध्ये ती फेब्रुवारीच्या अखेरीस येईल. ईदचा माल दुकानात महिना-दीड महिना आधी लागतो. म्हणजे आपल्या गाठी नेमक्या जानेवारीत रस्त्यावर असतील. 21 डिसेंबरपासूनच्या ज्या चाळीस दिवसांना काश्मिरी लोक 'चिल्ला-ए-कलां' म्हणतात, तेच हे कडाक्याच्या थंडीचे दिवस.

जम्मू-श्रीनगर रस्ता पूर्वीपेक्षा सुधारला आहे. 2017 मध्ये चेनानी-नाशरी आणि 2021 मध्ये बनिहाल-काझीगुंड हे बोगदे सुरू झाले, त्यामुळे बर्फाचा बराच भाग टळतो. तथापि रामबनच्या बाजूला दरडी कोसळतात आणि रस्ता बंद पडतो. मालट्रक दोन्ही बाजूंनी एकाच वेळी न सोडता पुष्कळदा आळीपाळीने सोडतात. श्रीनगरच्या पुढे कारगिल-लेहकडे जाणाऱ्या मालाला सुमारे साडेअकरा हजार फुटांवरील झोजीला ओलांडावा लागतो. तेथे बर्फ असेल तेव्हा चेन लावलेल्याच गाड्या सोडण्याचा हुकूम निघतो. वाहतूक पोलिसांचे हे हुकूम रस्त्याची स्थिती पाहून दिवसागणिक बदलतात. म्हणून ट्रक निघण्यापूर्वी त्या दिवसाचा हुकूम विचारावा, कालचा नव्हे.

परदेशात हा नियम अधिक कडक आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात डोंगरातील मुख्य महामार्गावर 1 सप्टेंबर ते 31 मेपर्यंत व्यापारी ट्रकने चेन जवळ बाळगलीच पाहिजे, मग आकाश निरभ्र का असेना. हुकूम असताना चेन न लावल्यास 500 डॉलर दंड आणि त्यामुळे रस्ता अडला तर 1,000 डॉलर. एक ट्रक आडवा झाला की मागचे शेकडो अडकतात, हे ओळखून तो कायदा केला आहे. आपणही तेच तत्त्व घ्यावे. बर्फ दिसल्यावर चेन शोधायची नसते, ती ट्रकमध्ये आधीच असावी लागते.

चेनचे काम समजून घेऊ. गाड्यांच्या चाकांखाली बर्फ दाबला जाऊन काचेसारखा होतो आणि थंडीत रबर कडक पडते. चेनच्या कड्या त्या काचेत रुततात आणि चाकाला पकड मिळते. चेन टायरच्या मापाचीच हवी. इंजिनाची ताकद ज्या चाकांना मिळते त्या चाकांवर, दोन्ही बाजूंना ती बसवावी. जोडचाक असेल तर निदान बाहेरच्या टायरवर. सपाट जागी, रस्त्याच्या कडेला थांबून ती लावावी. थोडे अंतर गेल्यावर उतरून पुन्हा ताणावी. वेग ताशी तीस-चाळीस किलोमीटरच्या आत ठेवावा आणि ब्रेक एकदम दाबू नये. कोरडा रस्ता लागताच चेन काढावी, नाही तर ती तुटते आणि टायर फाडते. मुंबईच्या ड्रायव्हरने हे सर्व येथेच दोनदा करून पाहिलेले बरे.

आता व्यापाऱ्याचा भाग. पन्नास हजार रुपयांवरील मालाला ई-वे बिल लागते आणि त्याची मुदत दर 200 किलोमीटरला एक दिवस असते. मुंबई-श्रीनगर अंतर 2,200 किलोमीटर धरले तर अकरा दिवस. त्यातले चार दिवस ट्रक उधमपूरला अडकला तर मुदत संपते. ती वाढविता येते, पण संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंतच, आणि हे काम ट्रान्सपोर्टरने करायचे असते. मुदत संपलेले बिल तपासणीत सापडले तर माल अडकतो आणि कराच्या दुप्पट दंड भरण्याची वेळ येऊ शकते. चार गाठींचा नफा त्यातच जातो.

ऑगस्ट 2025 मध्ये अनंतनागला पहिली मालगाडी पोचली, ही चांगली गोष्ट आहे. तरी कारखान्यापासून स्टेशनपर्यंत आणि स्टेशनपासून दुकानापर्यंत ट्रक लागणारच.

म्हणून भाडे ठरविताना आम्ही सुचवितो की चार गोष्टी लिहून घ्याव्यात: चेन कोणाची, हॉल्टिंग कोण देणार, ई-वे बिलाची मुदत कोण वाढविणार आणि रोज फोन कोण करणार. ग्राहकाला माल पोचण्याची तारीख सांगताना आठवडाभर जास्त धरावा. आणि सर्वांत महत्त्वाचे, बंद रस्त्यावर ट्रक पुढे काढण्यासाठी ड्रायव्हरला फोनवर घाई करू नये. माल उशिरा पोचला तर पुढच्या हंगामात विकता येतो. दरीत गेलेला माणूस परत येत नाही, आणि त्याच्या घरीही ईद असते.