चाबकाच्या अकरा गाठी

सयाजीगंजात, बडोदा स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर, एका तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आम्ही पाच जण दर रविवारी जमायचो. मधे फासे, पेन्सिली, कागद आणि बाजूला सेव-उसळ. खेळ होता डंजन्स अँड ड्रॅगन्स. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो आणला. यात प्रत्येक खेळाडू आपलं एकेक पात्र चालवतो. उरलेलं सगळं जग, म्हणजे दुकानदार, सरदार, राक्षस, पाऊसपाणी, गेम मास्टर सांभाळतो. आमच्यात गेम मास्टर मी होतो. माझं जग म्हणजे सयाजीराव महाराजांच्या काळातलं बडोदं, त्यात जादू मिसळलेली. कमाटीबाग, विश्वामित्री, तिच्यातल्या मगरी, सगळं होतं.

त्या जगात एक तारामावशी होती. धर्मशाळा चालवायची. तिला मारायचं मी आधीच ठरवलं होतं. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे, एवढंच माझ्या मनात होतं. तिचे शेवटचे शब्द मी दोन पानं भरून लिहून आणले होते. तिसऱ्या रविवारी मावशी खेळात आली आणि चौथ्या रविवारी अंधारातून आलेल्या बाणाने पडली.

वैद्य चालवणारी मैत्रीण लगेच म्हणाली, "मी उपचार करते." मी म्हणालो, "उशीर झाला." खरं तर नियमाने उशीर झाला नव्हता. या खेळात मृत्यूनंतर एका मिनिटाच्या आत तीनशे सुवर्णमुद्रांचे हिरे खर्चून माणूस परत आणता येतो. तिच्याकडे तेवढे हिरे होते, मंत्रही होता. मी तो चालू दिला नाही आणि माझी दोन पानं वाचत राहिलो. वाचून झाल्यावर एक जण म्हणाला, "म्हणजे आम्ही काहीही केलं असतं तरी ती मरणारच होती ना?" दुसरा मित्र न बोलता उठून गॅलरीत गेला. महिन्यापूर्वीच त्याची मावशी वारली होती. मला ते माहीत नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. पुढच्या रविवारी दोघे आले नाहीत.

मी दोघांच्या घरी गेलो, माफी मागितली. खेळ पुन्हा सुरू झाला, पण कोणाला मारायचं हे ठरवणं मी सोडून दिलं.

गणपतकाका टांगेवाला मी एका संध्याकाळी सहज उभा केला होता, पात्रांना स्टेशनावरून वाड्यात न्यायला कोणी हवं म्हणून. कोणीतरी म्हणालं, "काका, पैसे उद्या." मी काकांच्या तोंडून म्हणालो, "बरं बाळा," आणि त्यांनी चाबकाच्या दोरीला एक गाठ मारली. तेव्हापासून दर फेरीला हेच चाललं. काका जेवलात का विचारायचे, घोड्याच्या गुडघ्याची तक्रार सांगायचे, गाठ मारायचे. सहा महिने.

मग पुलावरची लढाई आली. एका टोकाला टांगा अडकलेला, दुसऱ्या टोकाला शाळेची मुलं. दोन्हीकडे धावायला वेळ नव्हता, आणि हे मी आधीच स्पष्ट सांगितलं. चौघांनी मुलं निवडली. काका पडले. बहुतेक गौण पात्रं शक्ती शून्यावर आली की तिथेच संपतात, पण महत्त्वाच्या पात्राला खेळाडूंचाच नियम लावायची मुभा गेम मास्टरला असते. ती मी घेतली: वीस बाजूंचा फासा, दहा किंवा जास्त पडलं तर एक पाऊल जगण्याकडे, कमी पडलं तर एक पाऊल मरणाकडे, तीन पावलांत निकाल. फासा मी खेळाडूंच्याच हातात दिला. चार. सात. दोन.

कोणी बोललं नाही. खाली स्टेशनावर गाडीची घोषणा चालली होती. मग गॅलरीत उठून गेलेला तोच मित्र म्हणाला, "मी चाबूक उचलतो. गाठी मोजतो." अकरा होत्या. पुढचा अख्खा रविवार चौघांनी काकांचं घर शोधण्यात, अकरा फेऱ्यांचे पैसे देण्यात आणि घोड्याला चारा घालण्यात घालवला. त्यातलं एक वाक्यही मी लिहून आणलेलं नव्हतं.

गेम मास्टर होऊ पाहणाऱ्यांना यातून एवढंच सांगतो.

आधी विचारा. कॅम्पेनच्या, म्हणजे अनेक बैठका चालणाऱ्या सलग खेळाच्या, सुरुवातीला प्रत्येकाला एकट्याला गाठून विचारा, कोणता विषय नको. जॉन स्टाव्ह्रोपुलोस यांनी सुचवलेलं एक्स-कार्ड टेबलावर ठेवा. कोणीही त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच गुंडाळायचा, कारण विचारायचं नाही.

पात्राला मोठं दुःख देऊ नका, छोटी सवय द्या. आणि खेळाडूंशी काहीतरी अर्धवट राहू द्या: उधारी, निरोप, दिलेला शब्द. तानाजी मालुसरे १६७० साली सिंहगडावर पडले. परंपरेने त्यांच्या शौर्याइतकंच मुलाचं, रायबाचं, राहिलेलं लग्नही जपून ठेवलं आहे, कारण आपल्याला चटका लावतं ते राहून गेलेलं काम.

मरणाने पुढचं काहीतरी बदललं पाहिजे. घटोत्कच पडला तेव्हा कर्णाने अर्जुनासाठी राखलेली इंद्राची शक्ती खर्ची पडली आणि युद्धाचं पारडं फिरलं. आमच्याकडे मुलं वाचली.

नियम मोडू नका. मेलेला माणूस परत आणता येणार की नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवा. खेळातल्या परत आणण्याच्या मंत्रांत आत्मा राजी असावा लागतो, हेही तेव्हाच सांगा. ऐन वेळी काढलेली पळवाट खेळाडूंना लगेच कळते आणि त्यानंतर ते तुमच्या कुठल्याच मरणावर विश्वास ठेवत नाहीत.

शेवटचं भाषण लिहू नका. पात्र गेलं की गप्प बसा आणि खेळाडूंना बोलू द्या. दहा मिनिटं थांबा, चहा घ्या, सगळे ठीक आहेत ना ते पाहा.

कोणाच्या मरणाची तयारी करण्यापेक्षा त्याच्या येण्याजाण्याची तयारी करा. तो टेबलावरच्या माणसांचा झाला असेल, तर त्याच्यासाठी काय करायचं ते त्यांना सांगावं लागत नाही.